"सांगितलं होतं, पण लोक ऐकतच नाहीत"

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि थोडी तिखटही आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

दर पावसाळ्यात आपल्या सगळ्या ग्रूपांवर एक वाक्य फिरतं. पूर बडोद्याचा असो, सांगली-चिकोडीचा असो की हैदराबादचा, वाक्य तेच: "प्रशासनाने सांगितलं होतं हो, पण लोक घर सोडायलाच तयार नसतात." हे लिहिणारा बहुधा तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याचा इन्व्हर्टर चालू असतो.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले. आमच्याकडे पावसात एकमेकांना पहिला प्रश्न "जेवलात का?" हा नसतो, "काळा घोड्याला किती फूट?" हा असतो. २५-२६ फुटांच्या आसपास धोक्याची पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये, ऐन जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्री ३५ फुटांच्याही वर गेली आणि रस्त्यांवर मगरी फिरल्या. फूट मोजत बसणारं हे शहर. ते इशाऱ्याला बहिरं आहे, असं कुणी म्हटलं तर मला हसूच येतं.

आता मुद्दा. लोक हट्टी असतात म्हणून मरतात, हे खरं मानलं तर तीच माणसं, त्याच जागी, दर वेळी तितकीच मरायला हवीत. तसं होतं का? आपल्या गुजरातचंच बघा. ९ जून १९९८ ला कांडल्याला चक्रीवादळ आलं. मृतांचा सरकारी आकडाच हजाराच्या वर. मेले कोण? मिठागरांतले अगरिये, बंदरावरचे मजूर, झोपड्यांत राहणारी परप्रांतीय कुटुंबं. २५ वर्षांनी, जून २०२३ मध्ये, त्याच कच्छच्या किनाऱ्यावर जखौजवळ बिपरजॉय आलं. या वेळी वादळाच्या आधी सुमारे एक लाख माणसं हलवली गेली, आणि मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कच्छी माणसाचा स्वभाव २५ वर्षांत बदलला का? नाही. बदललं ते एवढंच, की कुणीतरी वेळेत निर्णय घेतला, गाड्या पाठवल्या आणि उतरायला जागा तयार ठेवली.

ओडिशाचंही तेच. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिनला सुमारे दहा लाख लोक आधी हलवले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मधल्या काळात पक्के निवारे बांधले गेले, गावोगाव तालमी झाल्या. उपदेश करून माणसं हलली नाहीत, तयारीने हलली.

आणि ज्यांना कुणी सांगितलंच नाही, त्यांचं काय? मोरबी आठवा. ११ ऑगस्ट १९७९. मच्छू-२ धरण फुटलं. शहर खाली पाच-सहा किलोमीटरवर. टेलिफोन बंद. धरणाची परिस्थिती शहरापर्यंत पोचायच्या आधी पाणीच पोचलं. किती माणसं गेली यावर आजही एकमत नाही, अंदाज १,८०० पासून २५,००० पर्यंत जातात. सांडव्याची क्षमता आलेल्या पाण्यापुढे फारच तोकडी होती. चौकशी आयोग नेमला, आणि त्याचं काम पुरं व्हायच्या आधीच तो गुंडाळला गेला. तिथे तर "लोक ऐकत नाहीत" म्हणायचीही सोय नव्हती, मग "देवाची करणी" म्हटलं गेलं. शब्द वेगळे, उपयोग एकच: खुर्चीवरचा माणूस मोकळा.

बेळगाव-सांगलीकडच्या मंडळींना ब्रह्मनाळ सांगायला नको. ऑगस्ट २०१९. तिथली माणसं घर सोडून निघालीच होती! गावातलीच बोट, तीत मावतील त्यापेक्षा जास्त माणसं, आणि ती उलटली. डझनाहून जास्त जीव गेले, त्यांत बायका आणि लेकरं. ऐकलं तरी मेले, कारण "निघा" म्हणणं फुकट असतं आणि बोटीला पैसे लागतात.

घर न सोडणाऱ्याला एकदा शांतपणे विचारून बघा. अंथरुणाला खिळलेले वडील आहेत, त्यांना उचलणार कोण? दावणीला दोन म्हशी आहेत, त्यांना निवाऱ्यात घेतात का? मागच्या वेळी गेलो तेव्हा मागे घर कुणी फोडलं तर? शाळेच्या हॉलमध्ये दोनशे माणसांना एक संडास, तिथे तरण्या मुलीला घेऊन रात्र काढायची? हा काही अडाणीपणा नाही, हा हिशेब आहे. त्याची उत्तरं द्यायची जबाबदारी ज्यांची, त्यांनी ती जून उजाडायच्या आधी द्यायची असतात.

काही लोक खरंच पुलावर सेल्फी काढायला जातात, मान्य. काही जण शेजाऱ्याने हात धरला तरी हलत नाहीत, तेही मान्य. पण मूठभर आगाऊ लोकांकडे बोट दाखवून हजारोंचा हिशेब बुडवता येत नाही. आणि नदीची कोतरं बुजवून तिथे सोसायट्या उठल्या, त्याची परवानगी झोपडीवाल्याने दिली नव्हती. दोष वाटायचाच असेल तर तो ज्याला आधी कळलं त्याच्यापासून मोजा. धरणाचं पाणी किती वाढतंय हे ज्याच्या टेबलावर आधी येतं, त्याचा वाटा सगळ्यात मोठा. खालच्या मजल्यावर रात्री दोनला जाग आली ती पायाला पाणी लागल्यामुळे, त्याचा वाटा सगळ्यात लहान. आपण नेमकं उलटं वाटतो.

हैदराबादकर सांगतील, १९०८ च्या सप्टेंबरात मुसीने शहर धुऊन नेलं, हजारो माणसं गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर उभे राहिले. संस्थानी राजवट होती, निवडणूक नव्हती, तरी निदान काम हाती घेतलं गेलं.

तर पुढच्या वेळी ग्रूपवर कुणी "लोक ऐकत नाहीत" लिहिलं, की भांडू नका, चार प्रश्न विचारा. वर किती वाजता कळलं? खाली किती वाजता सांगितलं? कुठे जायला सांगितलं? आणि कशातून? या चारांची उत्तरं मिळाली, तर मग हट्टी म्हाताऱ्यांवर खुशाल बोला.

बेळगाव, सांगली, हैदराबाद, इंदूर, जिथे असाल तिथून खाली लिहा: तुमच्याकडे इशारा किती वाजता आला आणि पाणी किती वाजता? फक्त दोन वेळा लिहा, बाकी काही नको. आपल्या आठवणींत पुराचे किस्से खूप आहेत, या वेळा कुणी नोंदवलेल्या नाहीत.