काय मारू?

जून लागला की माझ्या फोनवर फोटो यायला सुरुवात होते. कधी पानाचा, कधी फांदीचा, बहुतेक वेळा इतका हललेला की त्यात किडा कुठला आणि अंगठा कुठला तेच कळत नाही. खाली एकच ओळ असते : 'सर, काय मारू?'

मी मुक्ताईनगरात राहतो. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. पूर्णेच्या काठाला थोडी जमीन आहे आणि घरामागे दोन गुंठ्यांत लिंबू, गोडनिंब, वांगी, वेलभाज्या. एवढ्या भांडवलावर गावाने मला 'किड्यांचे सर' करून टाकलं. इतक्या वर्षांत मला शेकडो प्रश्न आले असतील. त्यात 'हा कोण?' असं विचारणारे लोक एका हाताच्या बोटांवर मोजावेत. बाकी सगळ्यांचा प्रश्न तोच, काय मारू. म्हणजे खटला उभा राहण्याआधीच फाशी ठरलेली असते. न्यायाधीशाला विचारायचं ते फक्त दोर कुठल्या दुकानातून आणायचा एवढंच.

माझं भांडण या प्रश्नाशी आहे.

आधी नेहमीची गिऱ्हाइकं घेऊ. गोडनिंबाच्या पानावर पक्ष्याने घाण केल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो आणि तो चालतो. काय मारू? ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. पक्ष्याने खाऊ नये म्हणून तिने पक्ष्याच्याच विष्ठेचं सोंग घेतलेलं असतं. मोठी झाली की ती हिरवी होते. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याची अळीही लिंबाच्याच कुळातली पानं खाते. मोठं झाड चार-दोन अळ्यांनी मरत नाही. अगदीच लहान रोप असेल तर अळी बोटाने उचलून दुसरीकडे ठेवा. आपल्याला फुलपाखरू राज्याचं हवं, अळी मात्र कोणाचीच नको.

गुलाबाच्या पानाचे कंपासने काढल्यासारखे गोल तुकडे कोणी कापले? पानं कापणाऱ्या एकट्या मधमाशीने. ती पान खात नाही, पिल्लांच्या खोलीला अस्तर लावते, आणि परागीभवनही करते. झाडावर मुंग्यांची रांग लागली, मुंग्या झाड खातात का? नाही. वर कुठेतरी मावा किंवा पिठ्या ढेकूण बसलेला आहे, त्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंग्या पितात आणि बदल्यात त्याची राखण करतात. मुंगीमागे पावडर घेऊन धावण्याआधी रांग कुठे जाते ते बघा, ती तुम्हाला थेट दुखण्यावर नेऊन सोडेल. मुक्ताईच्या गावात तरी मुंगीचं एवढं ऐकायला हरकत नसावी.

आणि सगळ्यात जास्त येणारा फोटो : काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांचा, मगरीच्या पिल्लासारखा ओंगळ प्राणी. शेजारच्या वहिनींनी वांग्यावरून असे तीस-चाळीस वेचून रॉकेलमध्ये बुडवले आणि मग मला फोटो पाठवला. ते ढालकिड्याचं बाळपण होतं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोजिरवाणा किडा मुलांच्या पुस्तकात सगळ्यांना आवडतो, पण त्याची अळी कोणी बघितलेली नसते. अशी एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. वहिनींनी चौकीदार मारले आणि पुढच्या आठवड्यात विचारलं, 'सर, मावा फार वाढला, काय मारू?'

इथे कोणी म्हणेल, परसबागेतल्या गमतीजमती ठीक आहेत, ज्याचं पोट शेतावर आहे त्याला काय सांगता? त्यालाही हेच सांगतो, कारण चुकीच्या प्रश्नाची किंमत त्यालाच जास्त मोजावी लागते.

आमचा पट्टा केळीचा. रावेर, यावल, मुक्ताईनगर. गेल्या काही वर्षांत केळीवर कुकुंबर मोझॅक व्हायरस येतो, आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. पानावर पिवळे पट्टे, पोंगा सडतो, झाड उभं राहतं पण विकण्यासारखा घड देत नाही. शेतकरी दुकानात जातो आणि तोच प्रश्न विचारतो. उत्तरादाखल तीन-चार बाटल्या मिळतात. आता या रोगाची चाल बघा. हा विषाणू मावा पसरवतो, आणि त्यातला मुख्य मावा तोच, जो कपाशीवर आणि काकडी-भोपळ्यावर असतो. रोगट झाडावर चव घ्यायला त्याने एकदा सोंड टोचली की मिनिटाभरात विषाणू सोंडेला लागतो, आणि पुढच्या झाडाला टोचलं की तितक्याच झटपट तो तिकडे पोचतो. तुमची फवारणी मावा मारेलही, पण मरण्याआधी तो काम करून गेलेला असतो. आणि झाडात शिरलेल्या विषाणूला मारणारी बाटली कुठल्याच दुकानात नाही.

उत्तर बाटलीत नाहीच. उत्तर आहे : रोगट झाड दिसताच मुळासकट उपटा, वावराबाहेर नेऊन नष्ट करा, केळीत काकडी-भोपळा लावू नका, बांधावरचं तण काढा, रोपं विषाणू तपासलेली घ्या. 'काय मारू' विचारणाऱ्याला हे उत्तर मिळू शकत नाही, कारण 'उपटा' हा माल कोणी विकत नाही. झाड उपटायला जीव होत नाही म्हणून माणूस फवारत राहतो. पंधरा दिवस त्याला वाटत असतं की आपण काहीतरी करतो आहोत. त्या पंधरा दिवसांत रोग वावरभर होतो.

कपाशीचंही तेच. बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली. पुढे शेंदरी बोंडअळीने दोन्ही पचवली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रभर बोंडं आतून पोखरून निघाली. ही अळी बोंडाच्या आत बसते, फवारा बाहेरून वाहून जातो. तिचा इलाज वेळापत्रकात आहे. मे महिन्यात कपाशी लावायची घाई नको, डिसेंबर-जानेवारीत पीक संपवायचं, फरदड ठेवायची नाही, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचायचे नाहीत आणि कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार, अशी शिफारस आहे. म्हणजे आधी मोजणी, मग बाटली. आमच्याकडे शेजाऱ्याच्या पंपाचा आवाज आला की आपला पंप बाहेर निघतो.

मी हे उंचावरून सांगत नाही. माझ्याच वावरात जे घडलं ते सांगायलाच हवं.

सप्टेंबरचा महिना होता, कपाशी छातीएवढी. मी दुकानातून तीन बाटल्या आणल्या. 'तिन्ही एकत्र मारा, एकच फेरा होईल,' असं सांगितलं गेलं. मी त्या सालदाराच्या हातात दिल्या आणि घरी येऊन जेवलो. हातमोजे दिले नाहीत, तोंडाला बांधायला त्याचा त्याचाच गमछा होता. दुपारी वारा फिरला. संध्याकाळी तो बांधावर बसून लाळ गाळत होता, अंग घामाने भिजलेलं, दिसत नाही म्हणत होता. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी विचारलं, 'काय मारलं होतं?'

मी म्हणालो, 'औषध.'

ते म्हणाले, 'औषध मी देतो. विष कुठलं होतं ते सांगा.'

मला सांगता आलं नाही. जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने तीन बाटल्यांपैकी एकीचंही नाव वाचलेलं नव्हतं. डॉक्टरांनी लक्षणांवरून ॲट्रोपिन सुरू केलं आणि मी मोटारसायकल काढून अंधारात नाल्याकाठी रिकाम्या बाटल्या शोधत बसलो. एक सापडली. तिच्यावर पिवळा त्रिकोण होता, लाल अक्षरांत 'विष' लिहिलेलं होतं, विषबाधा झाल्यास कोणता उतारा द्यायचा तेही बारीक अक्षरांत होतं. सगळं लिहिलेलं होतं. तो वाचला, आठवडाभराने घरी गेला. पुढच्या अक्षय्य तृतीयेला त्याने दुसऱ्याकडे साल धरलं. जाताना मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्रीपासून मला 'औषध' हा शब्द सहन होत नाही. मुंग्यांचं औषध, ढेकणांचं औषध, फवारणीचं औषध. तीच बाटली दुकानाच्या फलकावर औषध असते आणि पोलिसांच्या पंचनाम्यात विष होते. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, अशी उतरंड आहे. कायद्याने विषाला विष म्हटलं. आपण घरात त्याला औषध म्हणतो आणि औषधासारखंच माळ्यावर, गोठ्यात, कधी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवतो. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेलं आणि २३ मुलं दगावली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. सरकारने चौकशी पथक नेमलं, पाच कीटकनाशकांची विक्री काही काळ थांबवली. मेलेल्यांत मजूर किती होते ते आठवा. 'काय मारू' विचारणारा एक असतो, पंप पाठीवर घेणारा बऱ्याचदा दुसरा.

दुकानदारांना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मी घालणार नाही. रात्री नऊ वाजता शेतकऱ्याचा फोन उचलणारा, हंगामभर उधारी देणारा माणूस गावात तोच असतो. कृषी सहायकाकडे किती गावं असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण माणसाच्या दुखण्यात डॉक्टर वेगळा आणि केमिस्ट वेगळा, पिकाच्या दुखण्यात मात्र रोग ओळखणारा आणि बाटली विकणारा एकच, ही व्यवस्था आपण निमूट चालवून घेतली आहे. ज्याची कमाई बाटलीमागे होते त्याच्याकडून 'काही मारू नका' हे उत्तर कसं मिळणार?

सेंद्रियवाल्या मित्रांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. दशपर्णी अर्काची बादली भरून 'कोणता अर्क मारू' विचारणारेही मला भेटतात. प्रश्न तोच आहे, बाटली बदलली आहे. गोमूत्राने विषाणू पळत नाही आणि कडुनिंबाच्या अर्काला ढालकिड्याच्या अळीची ओळख पटत नाही. आणि मी रसायनाच्या विरोधातही नाही. कीड ओळखली, मोजली, नुकसानीची पातळी ओलांडली, तर योग्य ते विष, योग्य मात्रेत, अंगभर कपडे घालून जरूर मारा. शेवटचा उपाय म्हणून मारा.

प्रश्न बदलला की काय होतं याचे दाखले आहेत. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातलं होतं. फवारणीने कोळी आणि इतर मित्रकिडी मरत होत्या आणि तुडतुडे उलट वाढत होते. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि पुढे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. त्या शाळांतल्या शिक्षकांना एक शिस्त होती. शेतकऱ्याने किडा दाखवून 'हे काय' विचारलं तर लगेच नाव सांगायचं नाही. उलट विचारायचं, कुठे सापडला? काय करत होता? किती होते? आपल्याकडे २००८ मध्ये पपईवरचा पिठ्या ढेकूण तमिळनाडूत आला आणि पसरत महाराष्ट्रातही पोचला. बाटल्या थकल्या. मग २०१० मध्ये त्याच्यावर जगणारी एक चिमुकली गांधीलमाशी परदेशातून आणून सोडली, तिने त्याला आवरलं. 'हा कोण, कुठून आला, तिकडे त्याला कोण खातं' हे कोणीतरी विचारलं, म्हणून ती माशी सापडली.

माझी मागणी मोठी नाही. दुकानाच्या पावतीवर एक रकाना वाढवा : 'कोणत्या किडीसाठी?' तो कोरा असेल तर बाटली द्यायची नाही. आणि बोलताना 'औषध' म्हणणं थांबवा. 'विष आणायला चाललो' असं घरात म्हणावं लागलं तर बायको निदान विचारेल, कशाला?

मी आता फोटोला उत्तर देत नाही. उलट लिहितो : कुठे सापडला? काय करत होता? बरेच जण चिडतात, 'सर सांगायचं असेल तर सांगा' म्हणतात आणि दुकानात जातात. परवा वहिनींनी मात्र तासाभराने व्हिडिओ पाठवला. वांग्याचं पान, त्यावर ती ओंगळ काळी अळी, तिच्या तोंडात मावा. खाली लिहिलं होतं, 'हा तर खातोय त्यांना. राहू देऊ ना?'