पुळण रिकामी नसते, मंडळी!

मंडळी, थंडी पडली की बेळगावात आपल्या घराघरांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो : 'गर्दी नसलेला बीच कुठला?' लगेच कुणीतरी वेंगुर्ले तालुक्यातल्या वायंगणीचं नाव टाकतं. खाली शेरा असतो, 'एकदम अनटच्ड, आपल्याशिवाय कुणी नाही.' माझं भांडण या 'कुणी नाही'शी आहे.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. दोन्ही बाजूंनी माणसं दोरखंडाला लागतात आणि समुद्रातलं जाळं तासन् तास ओढून वाळूवर आणतात, तेही अनवाणी. ती वाळू हे त्यांचं कामाचं आवार आहे. तिथं फुटलेली बाटली म्हणजे कुणाच्या तरी आठवड्याच्या कमाईवर पाय.

दुसरं कुळ रात्री येतं. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. तेवढे दिवस गावातली माणसं घरटी शोधून जाळीचं कुंपण घालून राखतात. पिल्लू उजेडाकडे धावतं. काळोख्या किनाऱ्यावर उजेड असतो तो समुद्राकडे, म्हणून ते बरोबर पाण्यात जातं. आपण जीपचे दिवे लावून, शेकोटी पेटवून बसलो की ते उलट फिरतं आणि मरतं. चाकोरीत अडकलेलं पिल्लू कावळ्याच्या नाही तर कुत्र्याच्या तोंडी जातं. कासव आणि त्याची अंडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, हेही लक्षात असू द्या.

गेल्या डिसेंबरात मी तिथं वाळूत उतरवलेल्या गाड्या पाहिल्या. पाट्या केए २२ च्या. म्हणजे आपल्याच की!

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'आम्ही जातो म्हणून गावाला चार पैसे मिळतात.' मिळतात का खरंच? पुऱ्या-भाजीचे डबे घरून, पाण्याच्या बाटल्या घरून, केकसुद्धा घरून. संध्याकाळी परत आंबोली घाट चढायचा. गावात काय राहिलं? थर्माकोलच्या ताटल्या. पैसे द्यायचेच असतील तर गावातल्या घरी मुक्काम करा, तिथलीच सोलकढी आणि मासे जेवा, बिलात घासाघीस करू नका. मग खुशाल सांगा.

दुसरं उत्तर, 'कोकण आपलंच आहे.' मान्य. रेल्वे येण्याआधी बेळगावचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातूनच यायचा. सोयरिकी आहेत, कुलदैवतं आहेत. पण १९५६ साली आपल्याला न विचारता आपला गाव दुसऱ्या राज्यात घातला, ही तक्रार आपण तिसऱ्या पिढीला सांगतोय. इथल्या माणसाला विचारल्याशिवाय इथलं ठरवू नका, एवढंच तर आपलं म्हणणं. मग घाट उतरल्यावर तेच म्हणणं विसरायचं काय म्हणून? 'आपलं' म्हटल्यानं हक्क येतो तशी राखणही येते. पाहुणा सोयऱ्याच्या अंगणात गाडी घालून फटाके लावत नाही.

माझं म्हणणं 'जाऊ नका' असं नाही. जरूर जा, पोरांना घेऊन जा. गाडी गावात ठेवा आणि वाळूवर चालत जा. अंधार पडला की दिवे, टॉर्च, स्पीकर बंद. रापण ओढताना दिसली तर दोरीच्या वाटेतून बाजूला व्हा. फोटो काढायचा तर आधी विचारा. पिल्लं सोडताना बघायची असतील तर राखणाऱ्या माणसांना विचारून, ते सांगतील तिथं उभे राहा. कचरा डिकीत घालून परत आणा.

आणि ग्रुपवर नाव टाकाल तेव्हा 'तिथं कुणी नाही' असं लिहू नका. तिथं कोण कोण आहे ते लिहा.