मोटार कोणी कुरतडली?

हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजार, अंबरपेठ अशा दाट वस्तीतून हजारो मोटारी रात्रभर गल्लीत किंवा इमारतीखाली उभ्या असतात. सकाळी मालक येऊन पाहतो, तो पुढच्या बंपरचा खालचा कोपरा फाटलेला, चाकावरचे प्लॅस्टिकचे अस्तर लोंबत असलेले. किल्ली फिरवावी तर गाडी सुरू होत नाही. धडक झाली नाही, कोणी काही पाहिले नाही. मग संशयाची फेरी सुरू होते. आधी शेजारी, मग गल्लीत चेंडू खेळणारी मुले आणि शेवटी वॉचमन. ‘रात्री झोपला होतास ना? मग पगारातून कापून घेऊ,’ असेही त्या गरिबाला ऐकावे लागते. आमच्या मते हा न्याय नव्हे. कोणावर बोट ठेवण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहावे.

आत बहुतेक वेळा साक्ष मिळते. काळ्या लेंड्या, चिंध्या, पोळीचा वाळलेला तुकडा आणि वायरीवर बारीक दातांचे जोडवण. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. रात्री उशिरा आलेल्या गाडीचे इंजिन बराच वेळ ऊबदार असते. ऊब, अंधार आणि आडोसा, सारे एका ठिकाणी आयते मिळते. बंपरवरचे दात मात्र पुष्कळदा कुत्र्याचे असतात. उंदीर किंवा मांजर गाडीखाली दडले, की कुत्री मागे लागतात, आणि शिकार हाती येत नाही तेव्हा प्लॅस्टिक फाडतात.

आता खर्चाचे पाहू. वायर एकच तुटलेली असली, तरी पुष्कळदा वायरिंगचा सबंध जुडगा बदलण्याचा सल्ला मिळतो आणि बिल हजारोंच्या घरात जाते. म्हणून तुटलेली वायर जोडून भागेल काय, हे आधी विचारावे व काढलेला भाग डोळ्यांनी पाहावा. विमा असल्यास दुरुस्तीपूर्वीच फोटो काढून कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडी खोलू देऊ नये. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीचे काही मिळत नाही. संपूर्ण विमा असला, तरी रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर साधारण 50 टक्के घसारा कापतात. ‘झीरो डेप’ची जोड घेतली असेल तरच तो टळतो. शिवाय एक दावा केला, की ‘नो क्लेम बोनस’ जातो. उंदरांनी केलेले नुकसान आपल्या पॉलिसीत धरले आहे की नाही, हे आजच वाचून ठेवावे.

परंतु नुसती दुरुस्ती करीत राहणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे होय. नवी वायर घातली, तरी उंदीर जुनेच असतात. शेतकऱ्याला हे चांगले ठाऊक आहे. एकट्याने आपल्या बांधावरची बिळे बुजवली, तर चार दिवसांत शेजारच्या शेतातले उंदीर येतात. म्हणूनच सगळ्या गावाने मिळून, पेरणीच्या सुमारास, एकाच वेळी मोहीम काढावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात. याच शहरात राजेंद्रनगरला राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था आहे. तेथे उंदीर नियंत्रणाचे शिक्षण दिले जाते. शेताला लागू असलेला हा नियम गल्लीला का लागू नसावा?

प्रश्न केवळ मोटारीचा असता, तर आम्ही या पानाची जागा अडवली नसती. जेथे उघडा कचरा तेथे उंदीर, आणि जेथे कचरा व उंदीर तेथे भटकी कुत्री. उंदराच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात जातात. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादेत पुराचे पाणी घरांत शिरले होते, ते आपण विसरलो नाही. अशा पाण्यातून जखमी पायाने चालणे धोक्याचे असते. नंतर ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. आणि कुत्र्यांचे काय? 19 फेब्रुवारी 2023 रोजी अंबरपेठेत मोटारींच्याच एका सर्व्हिस सेंटरच्या आवारात, जेथे वडील राखणदार होते, तेथे चार वर्षांच्या बालकाचा कुत्र्यांनी जीव घेतला. उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. फाटलेला बंपर ही त्याच संकटाची स्वस्तातली सूचना आहे, असे आम्ही समजतो.

यावर विष हा उपाय नव्हे. कुत्र्याला विष घालणे हे क्रौर्य आहे आणि गुन्हाही. 2023 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण महापालिकेकडून करून घ्यावे. त्यासाठी इमारतीने मिळून लेखी अर्ज द्यावा. उंदरांसाठी पिंजरे लावावेत. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरते, आणि घुबड तर आपला फुकटचा राखणदार. मेलेला उंदीर बॉनेटमध्ये कुजला म्हणजे काय होते, ते भोगणाऱ्यालाच माहीत! ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नये. गाडीत खाऊचे तुकडे राहू देऊ नयेत. बॉनेटखालच्या फटींना बारीक तारेची जाळी मेकॅनिककडून बसवून घ्यावी आणि गाडी आठवडेच्या आठवडे एका जागी उभी ठेवू नये. कुत्रा चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा कोणी वाचत नाही.

1994 मध्ये प्लेगच्या भीतीने सुरतेहून लाखो लोक पळाले. पुढे दोनेक वर्षांत तेच शहर स्वच्छतेसाठी नावाजले गेले. माणसे तीच होती. झाडू मात्र रोज फिरू लागला. आपल्या गल्लीला त्यासाठी प्लेगची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या रविवारी दहा घरांनी एकत्र येऊन कचऱ्याची जागा साफ करावी, बिळे बुजवावीत. त्याला एका बिलाएवढाही खर्च येणार नाही. आणि वॉचमनचा पगार कापलेला असेल, तर तो आधी परत द्यावा.