धनाढ्य अपक्षांनो, ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत

नोव्हेंबर २०२८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे. तोवर कोणीतरी अब्जाधीश टीव्हीवर येऊन सांगेलच, की दोन्ही पक्ष सडले आहेत, मी स्वतःच्या खिशातून लढतो, मी कोणाचा मिंधा नाही. त्या गृहस्थांना, ते जे कोणी असतील त्यांना, आत्ताच बजावतो आहोत. आम्ही म्हणजे या देशाचं नागरिकत्व घेतलेली, इथे कर भरणारी आणि मत देणारी मराठी माणसं. आमच्या अटी २०२७ साल संपायच्या आत पुऱ्या करा. नाही केल्यात तर आमच्याकडून सही नाही, वर्गणी नाही आणि मत तर नाहीच.

अटींआधी हिशेब, कारण तो तुम्ही मुद्दाम विसरता. डॅलसचे रॉस पेरो संगणक सेवांच्या धंद्यात अब्जाधीश झाले. फेब्रुवारी १९९२ मध्ये लॅरी किंगच्या कार्यक्रमात ते म्हणाले, पन्नासही राज्यांत लोकांनी माझं नाव मतपत्रिकेवर आणलं तर मी उभा राहतो. लोकांनी आणलं. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे भारतात अपक्षाने अनामत भरली, मोजके सूचक आणले की अर्ज दाखल होतो. इथे बहुतेक राज्यांत हजारो मतदारांच्या सह्या लागतात आणि प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, मुदत निराळी. टेक्सासात तर पक्षाच्या प्राथमिक फेरीत ज्याने मत दिलं, त्याची सहीच चालत नाही. बाजारात, वाहनतळावर, भर उन्हात उभं राहून साध्या लोकांनी हे काम केलं. जूनमध्ये काही जनमत चाचण्यांत पेरो तेव्हाचे अध्यक्ष बुश आणि डेमोक्रॅट उमेदवार क्लिंटन या दोघांच्याही पुढे होते. १६ जुलैला त्यांनी माघार घेतली. १ ऑक्टोबरला पुन्हा उतरले. ज्यांनी सह्या गोळा केल्या होत्या, त्यांना मधल्या काळात काय वाटलं असेल हे कोणी विचारलं नाही.

तरीही त्यांना १८.९ टक्के, म्हणजे जवळपास दोन कोटी मतं पडली. मेनमध्ये ते काहीशे मतांनी बुश यांच्या पुढे, दुसऱ्या क्रमांकावर आले, आणि बुश घराण्याचं उन्हाळी घर त्याच राज्यात आहे. युटात त्यांनी क्लिंटनना मागे टाकलं. आणि अध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ निर्वाचकांपैकी पेरोंच्या वाट्याला आला शून्य. पेरोंनी बुशना पाडलं असं रिपब्लिकन मंडळी अजून म्हणतात. मतदानोत्तर पाहण्यांवरून ते पटत नाही, त्यांनी दोन्ही बाजूंची मतं साधारण सारखीच खेचली होती. म्हणून आमची तक्रार मतं फोडल्याची नाही. दोन कोटी माणसांचा राग उभा केलात आणि ज्या नियमाने त्याचं शून्य झालं तो नियम होता तसाच ठेवलात, ही तक्रार आहे.

तो नियम तुमच्या वकिलांना तोंडपाठ आहे. अठ्ठेचाळीस राज्यांत ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. बहुमताचे २७० निर्वाचक कोणालाच मिळाले नाहीत तर बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. बावन्न प्रतिनिधींच्या कॅलिफोर्नियाला एक आणि एका प्रतिनिधीच्या वायोमिंगलाही एकच. त्या सभागृहात तुमचा माणूस नाही. १९९५ मध्ये महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले, तेव्हा सरकार बनवणाऱ्यांना त्यांचे उंबरे झिजवावे लागले. तसलं वजन इथे चार राज्यं जिंकूनही मिळत नाही. मायकेल ब्लूमबर्ग यांनी मार्च २०१६ मध्ये हेच कारण देऊन अपक्ष लढायचं टाळलं. निदान तेवढा प्रामाणिकपणा त्यांनी दाखवला. पुढे २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या फेरीत त्यांनी शंभर कोटी डॉलरच्या वर उधळले आणि अमेरिकन सामोआ हे एक बेट-क्षेत्र जिंकलं, तो भाग सोडा.

आता २०२४. रॉबर्ट केनेडी (धाकटे) अपक्ष उभे राहिले आणि उपाध्यक्षपदासाठी त्यांनी निकोल शानाहन या धनाढ्य बाईंना घेतलं. बाईंच्या लाखो डॉलरांवर आणि स्वयंसेवकांच्या पायपिटीवर नावं मतपत्रिकेवर चढली. ऑगस्टमध्ये केनेडींनी ट्रम्पना पाठिंबा दिला. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये स्वतःचं नाव काढून घ्यायला न्यायालयात गेले, ते निघालं नाही. नंतर ते मंत्रिमंडळात गेले. लोकांनी दिलेल्या सह्या अशा सौद्यात वटवल्या गेल्या. पुन्हा हे चालणार नाही.

म्हणून पहिली अट. लेखी सांगा, की माघार घेतलीत तर कोणालाही पाठिंबा देणार नाही आणि पुढची चार वर्षं निवडून आलेल्या सरकारात पद घेणार नाही. २७० चा आकडा कोणीच गाठला नाही तर तुमचे निर्वाचक काय करतील, हेही मतदानाआधी जाहीर करा. नंतरची बोली आम्हाला मान्य नाही.

दुसरी अट जास्त खर्चिक आहे. २०१० मध्ये मेनमध्ये रिपब्लिकन पॉल लपाज ३८ टक्क्यांहून कमी मतांवर गव्हर्नर झाले, कारण बाकीची मतं डेमोक्रॅट आणि अपक्ष एलियट कटलर यांच्यात वाटली गेली. २०१४ मध्ये कटलर पुन्हा उभे, लपाज पुन्हा गव्हर्नर. लोक वैतागले आणि २०१६ मध्ये सार्वमताने पसंतीक्रमाचं मतदान आणलं. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात एक, दोन, तीन असे क्रम लिहितात, त्याच जातीचं. राज्याच्या घटनेमुळे गव्हर्नरच्या अंतिम निवडणुकीला ते लागू झालं नाही, पण काँग्रेसच्या निवडणुकीला झालं. तिथे अपक्षाला पहिलं मत दिलं तरी ते वाया जात नाही. तुमचा पैसा असं मतदान राज्याराज्यांत आणण्यावर लावा. २०२४ मध्ये कोलोराडो, ओरेगॉन, आयडाहो, नेवाडा इथे असे प्रस्ताव पडले, आणि अलास्कात होतं ते काहीशे मतांनी वाचलं. काम अवघड आहे, वर्षानुवर्षांचं आहे आणि त्यात तुमचा फोटो छापून येत नाही. बकली खटल्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराला स्वतःचा पैसा हवा तेवढा खर्चायची मोकळीक दिली. सार्वमतावर खर्चायलाही तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. इलॉन मस्क यांनी २०२४ मध्ये रिपब्लिकनांसाठी पंचवीस कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि जुलै २०२५ मध्ये ‘अमेरिका पार्टी’ची घोषणा केली. घोषणेला काय लागतं? एक फोन.

दोन्ही पक्षांनीही गालातल्या गालात हसू नये. अध्यक्षीय वादविवादांचा आयोग १९८७ मध्ये तुम्हीच मिळून स्थापन केलात, १९९६ मध्ये त्याने पेरोंना बाहेर ठेवलं, आणि २००० पासून जनमत चाचण्यांत १५ टक्क्यांची अट लावली. दारं अशी लावून घ्याल तर भिंत फोडणाराच येईल, आणि तो पेरोंसारखा तक्ते घेऊन कर्जाचा हिशेब समजावणारा नसेल.

आणि आपल्या लोकांना. ‘धंदा चालवणारा माणूस देशही चालवील’ हे मंडळाच्या स्नेहसंमेलनात फार ऐकू येतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे एक कोटी डॉलर खर्चले, तेही डेमोक्रॅटिक पक्षाच्या फेरीत, आणि तिसरे आले. मग २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसमध्ये गेले. त्यांचं राजकारण आवडो न आवडो, पायरी चढल्याशिवाय माडी गाठता येत नाही हे त्यांनी पैसे मोजून शिकून घेतलं. ज्याने साधी नगर परिषदही लढवलेली नाही, त्याच्या कागदावर सही करताना हे आठवा.

३१ डिसेंबर २०२७. त्यानंतर तुमचा स्वयंसेवक आमच्या दाराशी आला तर त्याला चहा मिळेल, बसायला खुर्ची मिळेल. त्याच्या कागदावर सही होणार नाही.