नवा राउटर घेण्याआधी थांबा! घरातल्या दोन डब्यांपैकी दोष कुणाचा?

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, फोनवर मिळतात जेमतेम ४०. तक्रार केली की कंपनीचा माणूस म्हणतो, "आमची लाइन ओके आहे, तुमचा राउटर बघा." राउटरवाला म्हणतो, "लाइनच खराब आहे." मध्ये अडकता तुम्ही, आणि शेवटी नवा राउटर घेऊन मोकळे होता.

सध्या हा मोह आणखी वाढलाय. ६ गीगाहर्ट्झ बँडचा खालचा भाग (५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ) वायफायसाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. तेव्हापासून वायफाय ६ई आणि ७ ची चर्चा जोरात आहे. पण घरातली अडचण दोन डब्यांच्या मधल्या वायरीत असेल, तर महागडा राउटरही तिथेच अडकणार.

दोन डबे, दोन जबाबदाऱ्या

फायबरची बारीक वायर ज्यात येते तो पहिला डबा. आपण त्याला मोडेम म्हणतो, त्याचं खरं नाव ओएनटी. इथपर्यंत सिग्नल पोहोचवणं हे कंपनीचं काम. तुम्ही विकत आणलेला राउटर, त्याची केबल आणि भिंतींमधून जाणारं वायफाय ही तुमची बाजू. भांडण मिटवायचं तर ही सीमा आधी ओळखा.

दोष शोधायचा क्रम

१. ओएनटीवर 'एलओएस' नावाचा दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. राउटरला हातही लावू नका, थेट तक्रार करा.

२. दिवे ठीक असतील तर दोन्ही डबे बंद करा. आधी ओएनटी चालू करा, दोन मिनिटं थांबा, मग राउटर.

३. तरी स्पीड कमी? लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला जोडून स्पीड टेस्ट करा. इथेही कमीच असेल तर लॅपटॉपची केबल बदलून पुन्हा बघा. तरीही फरक नाही, तर बोट कंपनीकडे. इथे पूर्ण मिळाला तर दोष पुढे आहे.

४. आता तोच लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. आकडा ९५ च्या आसपास अडकला तर राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच आहे, किंवा मधली केबल खराब आहे. बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये हेच असतं. केबल बदलणं नव्या राउटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, म्हणून आधी ती बदला.

५. केबलवर ठीक, फोनवर कमी? मग प्रश्न वायफायचा. फोन २.४ ऐवजी ५ गीगाहर्ट्झवर जोडा. राउटर कपाटातून, टीव्हीमागून बाहेर काढा.

गेम आणि कॉल अडखळतात?

स्पीड चांगला, तरी ऑनलाइन गेम जुळत नाही? राउटरच्या सेटिंगमध्ये 'वॅन आयपी' बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ओएनटीसुद्धा राउटरचंच काम करतोय. याला डबल नॅट म्हणतात. म्हणजे सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन आणि जिन्यात दुसरा. पाहुण्याला पहिला आत सोडतो, दुसरा ओळखत नाही. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नेट पूर्ण बंदही पडू शकतं. सोपा उपाय म्हणजे तुमचा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका. ओएनटी 'ब्रिज' मोडवर टाकायचा असेल तर कंपनीकडूनच करून घ्या, कारण मग लॉगिनचं युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरावं लागू शकतं.

पुरावा हातात ठेवा

जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ एमबीपीएस आहे. आधी ती ५१२ केबीपीएस होती. म्हणजे ३०० चे ४० झाले तरी व्याख्येनुसार ते 'ब्रॉडबँड'च. त्यामुळे "स्पीड कमी आहे" एवढंच बोलून भागत नाही. ओएनटीला थेट जोडून केलेल्या टेस्टचे तीन वेगवेगळ्या वेळचे स्क्रीनशॉट ठेवा, तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. तरी काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील विभागाकडे जा. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही.

इंटरव्ह्यू किंवा ऑनलाइन परीक्षा ऐन तोंडावर असताना हे करत बसू नका. आज वेळ आहे, आजच ती एक टेस्ट करून ठेवा.