वैमानिकाची चूक. बरं, मग?

विमान पडलं की आपल्याकडे चोवीस तासांत निकाल लागतो: वैमानिक चुकला. अहमदाबादला 12 जून 2025 रोजी अपघात झाला. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. ते कसे गेले, याचा निर्वाळा नव्हता. तो टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी परस्पर देऊन टाकला. मी अहमदाबादचा निवाडा करायला बसलेलो नाही. वाद आहे तो ‘वैमानिक चुकला, विषय संपला’ या म्हणण्याशी.

या पक्षाला सर्वांत सोयीचंच उदाहरण घेऊ. 8 जानेवारी 1989. हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग 737-400 च्या डाव्या इंजिनात पंख्याचं पातं तुटलं. वैमानिकांनी बंद केलं ते उजवं, धडधाकट इंजिन. धावपट्टी हाकेच्या अंतरावर असताना विमान केगवर्थजवळ एम-1 महामार्गाच्या बांधावर आदळलं. 47 प्रवासी गेले. चूक ढळढळीत होती. दोघांची नोकरीही गेली.

पण दोन अनुभवी माणसं एकाच वेळी एकच चूक का करतात? कोणतं इंजिन, असं कॅप्टनने विचारलं तेव्हा सहवैमानिकाच्या तोंडून ‘डावं’ निघता निघता ‘उजवं’ निघालं. कंपनं दाखवणारी डावी तबकडी खरं तेच सांगत होती. पण ती बारकीशी, आणि नव्या पॅनेलवर ठसठशीत काट्याऐवजी कडेने सरकणारी इवलीशी खूण. शिवाय जुन्या विमानांत या तबकड्या बेभरवशाच्या, म्हणून त्यांच्याकडे काणाडोळा करायची सवय. दोघांचा मिळून 737-400 वरचा अनुभव 76 तासांचा, आणि नव्या पॅनेलचा सिम्युलेटरवर सराव शून्य. उजवं इंजिन बंद करताना स्वयंचलित थ्रॉटल सुटलं, त्यामुळे डाव्याचं इंधन कमी होऊन हादरे आणि धूर ओसरला. आपला निर्णय बरोबर ठरला, असंच कुणालाही वाटलं असतं. पुढे कॅप्टनने घडलेलं पुन्हा तपासायला घेतलं, तर मध्येच रेडिओवर संदेश आला आणि ते राहूनच गेलं. मागे काही प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी डाव्या बाजूच्या ज्वाळा पाहिल्या होत्या. उजव्या इंजिनाची घोषणा ऐकून ते चक्रावले, पण बोललं कुणीच नाही.

हे सगळं उकरणं म्हणजे वैमानिकांना पाठीशी घालणं, असा आक्षेप येतो. तो टिकत नाही. घाई केल्याचा ठपका तपास अहवालाने वैमानिकांवर ठेवलाच; पण त्याबरोबर 31 शिफारशीही केल्या. त्यांत उपकरणं होती, प्रशिक्षण होतं, खुर्च्यांची मजबुतीही होती. दोष वाटणं हा तपासाचा हेतूच नव्हे, असं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं तेरावं परिशिष्ट सांगतं. शिक्षा द्यायला न्यायालयं आहेत. तपासाच्या खोलीत माणूस शिक्षेच्या भीतीने गप्प बसला, तर पुढच्या विमानातल्या प्रवाशांनी काय करायचं?

आणि ‘विषय संपला’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: केगवर्थनंतर पाचच महिन्यांनी, जून 1989 मध्ये, आणखी दोन 737-400 विमानांच्या इंजिनांत पंख्याचं पातं तसंच तुटलं. वैमानिक वेगळे होते, विमानं सुखरूप उतरली. उंचीवर होणाऱ्या कंपनांनी पात्याचा धातू थकत होता आणि प्रमाणनाच्या चाचण्यांत ते उघडकीला आलं नव्हतं. ही विमानं जमिनीवर थांबवावी लागली आणि पात्याची रचना बदलावी लागली.