सेल बदलायला जाताना जुना सेल खिशात टाका

कॉर्डलेस फोन दोन वाक्यांत बंद पडतो, ट्रिमर अर्ध्या दाढीवर थांबतो, चार्जिंगची बॅटरी ऐन लोडशेडिंगमध्ये मिणमिणू लागते. अशी वस्तू लगेच भंगारात काढू नका. बहुतेकदा यंत्र धडधाकट असते, आतला सेल तेवढा थकलेला असतो. तो बदला. मात्र दुकानात जाऊन नुसते ‘चार्जिंगचा सेल द्या’ म्हणू नका. जुना सेल सोबत न्या आणि त्याच्यावर छापलेला प्रकार, व्होल्ट आणि माप या तिन्ही गोष्टी नव्याशी ताडून बघा.

चार्जिंगचे पेन्सिल सेल सहसा निकेल मेटल हायड्राइडचे असतात, १.२ व्होल्टचे. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा. हा फरक पाहून बिचकण्याचे कारण नाही. अल्कलाइनचे व्होल्ट वापरता वापरता उतरत जातात, निकेलवाल्याचे बराच वेळ १.२ च्या आसपास टिकतात, त्यामुळे बहुतेक वस्तू दोन्हींवर चालतात. खरा धोका वेगळाच आहे. ‘१४५००’ नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण ३.७ व्होल्टचा. खेळण्यातल्या गाडीत असे दोन बसवले की तीनच्या जागी सात-साडेसात व्होल्ट जातात आणि गाडी जळू शकते. चार्जरही त्या त्या प्रकाराचाच हवा. निकेलच्या चार्जरमध्ये लिथियमचा सेल कधीही घालू नका.

आता एमएएच, म्हणजे सेलची क्षमता. गिऱ्हाईक फसते ते इथेच. चांगला एए, म्हणजे चार्जिंगचा पेन्सिल सेल साधारण २००० ते २७०० एमएएचचा असतो. त्याच मापावर ४००० किंवा त्याहून जास्त लिहिलेले दिसले तर सरळ खाली ठेवा. टॉर्चमधला ‘१८६५०’ हा जाड लिथियम सेल (१८ मिलिमीटर रुंद, ६५ लांब) साडेतीन हजारांच्या फार पुढे जात नाही. तरीही ९९०० छापलेले सेल सर्रास विकले जातात, आणि स्वस्तही मिळतात. घरी किंवा दुकानात काटा असेल तर वजन करा. चांगला १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. हलका निघाला तर आत माल कमी आहे. वेष्टनावर भारतीय मानक ब्युरोचे, म्हणजे बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये तपासता येतो. पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुकानदाराच्या समोरच तपासा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

टॉर्च ड्रॉवरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहत असेल, तर पडून राहिला तरी चार्ज टिकवणारा सेल मागा. सान्योने २००५ साली ‘एनेलूप’ आणला तेव्हापासून असे सेल मिळतात. त्यांचे एमएएच थोडे कमी असतात, पण गरजेच्या वेळी ते उपयोगी पडतात. भिंतीवरच्या घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला मात्र साधेच सेल घाला. तिथे चार्जिंगच्या सेलवर केलेला खर्च वसूल व्हायला फार वर्षे लागतात.

एका वस्तूत दोन-तीन सेल असतील तर सगळे एकदम बदला, एकाच कंपनीचे आणि एकाच क्षमतेचे. जुना-नवा एकत्र घातला की कमकुवत सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याला उलटा चार्ज करू लागतात आणि तो कायमचा जातो. कॉर्डलेसचा वायर असलेला पॅक घेताना प्लग बसला म्हणून निश्चिंत होऊ नका. लाल आणि काळ्या वायरच्या जागा जुन्याशी जुळवा, काही पॅकमध्ये त्या उलट असतात. आणि तळावर ठेवून चार्ज होणाऱ्या फोनमध्ये साधे अल्कलाइन सेल अजिबात घालू नका. ते गळतात, फुटूही शकतात.

ट्रिमरचा सेल आत डाग देऊन जोडलेला असतो. ते काम कारागिराला द्या. लिथियमच्या सेलवर घरचा सोल्डर टेकवू नका, उष्णतेने तो बिघडतो. फुगलेला सेल दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका.

जुने सेल कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, दाबाने ते पेटू शकतात. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळे ठेवा आणि ई-कचरा संकलन केंद्रावर द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा नवा सेल घेताना ‘जुना परत घेता का?’ असे दुकानात जरूर विचारा.